गिटारीला लू लागली नव्हती

वाळ्याला वास असतो असे जे लिहितात, ते कूलरच्या दुकानावर राहिलेले नसतात. कोरड्या वाळ्याला सांगण्यासारखा वास नसतो. नवी ताटी कूलरला बसते, पंप घरघरतो, पाणी वरच्या पन्हाळीतून झिरपत खाली उतरते आणि पहिली काही मिनिटे खोलीभर ओल्या गोणपाटाचा दर्प सुटतो. त्यालाच वाळ्याचा वास समजून पुष्कळ लोक उठून जातात. जो बसून राहतो त्याला पुढचे मिळते. मातीच्या पोटातून निघाल्यासारखी, किंचित गोड, किंचित तिखट अशी एक थंड झुळूक मानेवर येऊन टेकते आणि बाहेर पंचेचाळीस अंशांत वितळणारे नागपूर एकाएकी क्षमा करण्याजोगे वाटू लागते. मी बसून राहणाऱ्यांपैकी आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या मनीषनगरच्या घरी मिस्त्री येऊन ताट्या बदलून गेला. दोन खोल्यांत वातानुकूलन यंत्रे आहेत, पण ती मुलगा पुण्याहून येतो तेव्हा लागतात. एरवी आम्ही दोघे, म्हणजे मी आणि माझी पत्नी नलिनी, सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या पत्र्याच्या कूलरपुढे बसतो. डॉक्टरांनी माझे मीठ बंद केले आहे; त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी ते कटाक्षाने पाळतो. गुडघा कुरकुरतो. पहाटे फिरून आलो की मी एक रॉकची रेकॉर्ड लावतो, कारण माझ्या मते दिवसाची सुरुवात विजेच्या गिटारीने आणि खणखणीत ड्रमने व्हावी. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त अभियंते कुंपणावरून विचारतात, "ठोंबरे साहेब, सकाळी सकाळी हे काय लावून राहिले?" मी सांगतो, "भूपाळी." पंधरा वर्षे ते विचारत आहेत आणि पंधरा वर्षे माझे उत्तर तेच आहे.

कूलर घरघरू लागला की मला एकच उन्हाळा आठवतो. सत्तरीच्या दशकातला, बर्डीच्या एका गल्लीतला, कूलरच्या दुकानावरच्या दहा बाय बाराच्या खोलीतला. आजवर तो उन्हाळा मी सुखाने आठवत होतो. यंदा मात्र देवराव गजभिये याने ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या स्मरणिकेत त्यावर लेख लिहिला आणि त्यात पुढील वाक्य घातले: "त्या संध्याकाळी आमच्या ढोलकीवाल्या मित्राचा हात जड झाला, गाणे रेंगाळले आणि सभागृहात हशा पिकला."

हे वाक्य देवराव गेली पंचेचाळीस वर्षे लग्नांत, बारशांत आणि एकदा एका तेरवीत बोलला आहे. बोलण्याकडे मी दुर्लक्ष करू शकतो. छापलेले वाक्य ही वेगळी गोष्ट आहे. उद्या आम्ही दोघेही नसू आणि स्मरणिका असेल. कुणीतरी ती उघडेल आणि मनोहर ठोंबरे नावाच्या माणसाला लय कळत नव्हती असे समजून मिटून ठेवील. माझ्याजवळ फारशी मिळकत नाही. लय आहे. ती मी अशी कुणाच्या हातात सोडून जाणार नाही.

म्हणून जे घडले ते मी क्रमाने सांगतो.

त्या काळी उन्हाळ्यात आमची कचेरी सकाळची असे. सातला सुरू, एकला बंद. मी तिथे आरेखक होतो. कालव्यांचे नकाशे काढी. देवराव एका शाळेत गणिताचा मास्तर होता आणि त्याची शाळाही सकाळची. नागपूरच्या उन्हाळ्याने आम्हाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे ती रिकामी दुपार. बाहेरचे लोक नागपूरच्या दुपारीला मेलेली म्हणतात. मेलेली? रस्ते ओस असत हे खरे, पण प्रत्येक बंद दारामागे कुणी पत्ते कुटत असे, कुणी सातूचे पीठ कालवत असे, कुणी फरशीवर पाणी शिंपडून उघड्या पाठीने तीवर लोळत असे. आणि आमच्या बंद दारामागे, सात समुद्रांपलीकडून आलेली चार दाढीवाली माणसे काळ्या तबकडीतून गर्जत असत.

ती तबकडी पिंटो साहेबांची. पिंटो साहेब रेल्वेत गार्ड होते, अजनीच्या रेल्वे कॉलनीत राहत. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात नांदत होती आणि ती बापासाठी दर नाताळात एक रेकॉर्ड पाठवी. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, कॉलनीच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाच चालू असताना, देवराव आणि मी खिडकीबाहेर थंडीत कुडकुडत उभे राहून ती प्रथम ऐकली. आठ मिनिटांचे एकच गाणे. आरंभी नुसती गिटार, कुणी भरल्या विहिरीत एकेक खडा टाकत असल्यासारखी. मग तिच्याखाली ड्रम येतो, आधी लांबून, मग अंगणात, मग थेट छातीत. गाणे संपले तेव्हा मला थंडी वाजत नव्हती. कळमेश्वरजवळच्या आमच्या गावात मी भजनी मंडळाची ढोलकी वाजवीत वाढलो होतो. हातांना इतके काही बोलता येते हे मला त्या दिवशी कळले. देवराव माझा दंड धरून एवढेच म्हणाला, "मनोहर, हे आपण वाजवायचं." त्याचे बोलणे मी आजही शब्दशः मान्य करतो. त्याच्या पुढच्या बोलण्याशी माझे भांडण आहे.

देवरावच्या बोटांत वाद्य उपजत होते. इंदोऱ्याच्या वस्तीत त्याचे वडील बेंजो वाजवीत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांच्या बेंजोचा आवाज पुढच्या चौकापर्यंत आधी पोचे आणि माणसे मागून. त्या वर्षीच्या मिरवणुकीत वडिलांच्या डाव्या हाताला देवराव गिटार घेऊन चालला आणि उजव्या हाताला मी ढोलकी घेऊन. निळ्या गुलालाने माखलेली ती दुपार, डोळ्यांत घाम, रस्त्याच्या दुतर्फा पाण्याचे माठ, आणि एका म्हाताऱ्या बाईने माझ्या ढोलकीवर हात ठेवून काढलेले उद्गार: "बाबू, हात गोड हाय गा तुहा." देवराव तेव्हा शेजारीच होता. स्मरणिकेत हे नाही.

आम्ही मागेच लागलो म्हणून पिंटो साहेबांनी मे महिन्यातल्या इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात आम्हाला एक गाणे वाजवायला दिले आणि सरावासाठी तबकडीही दिली. रेकॉर्ड प्लेअर माझ्या थोरल्या भावाचा. वहिनींना सुई टेकवताना छातीत धडधडे म्हणून तो माझ्याकडे आला होता. ड्रम नव्हते. पण मी राहत होतो तुळशीराम बोंद्र्यांच्या कूलरच्या दुकानावर, आणि तुळशीरामकाकांच्या मागच्या ओसरीत पत्र्याच्या कोऱ्या, रिकाम्या कूलरपेट्या हारीने ठेवलेल्या असत. मोठी पेटी खर्जात बोले, मधली मध्यात, आणि पाण्याच्या टाकीचे झाकण अगदी झांजेसारखे झणझणे. मी त्यांतल्या तीन जिन्यावरून वर नेल्या. काका दुपारचे आडवे होण्याआधी पायरीवर उभे राहून ओरडत, "मनोहर, कूलर आहे गा तो, तबला नाही! पोचा पाडशील तर गिऱ्हाईक मले विचारते!"

"काका, पोचा नाही पडत. मी बोटांनी वाजवून राहिलो."

"अन् मंग हे खाली माझं टक्कल काहून हलून राहिलं?"

दुपारचे दोन वाजले की गल्लीतल्या सगळ्या बल्बांना झोप येई. घरोघर कूलर लागलेले; वीज बिचारी कुठे कुठे पुरणार? बल्बाची तार पिकल्या लिंबासारखी पिवळी होई, पंख्याची पाती एकेक मोजता येत, आणि त्या मंदावलेल्या विजेवर आमची तबकडी फिरे. ती सावकाश फिरते आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. कसे असणार? ते गाणे आम्ही एकदाच, चार महिन्यांपूर्वी, खिडकीबाहेरून ऐकलेले. पहिल्या दिवशी मी म्हणालोही, "देवराव, डिसेंबरात हे जरा जल्दी वाटत होतं." गणिताच्या मास्तराने विचार करून उत्तर दिले, "आपण थंडीनं कापून राहिलो होतो बे. म्हणून जल्दी वाटलं." आम्हा दोघांनाही हे पटले. या मूर्खपणात माझा अर्धा वाटा आहे; तो मी नाकारत नाही.

सबंध एप्रिल आणि अर्धा मे आम्ही तसेच शिकलो. देवराव सुई उचलून पुन्हा टेकवी, एकेक स्वर तारांवर शोधी. गाण्याचे शब्द त्याने कानाने ऐकून वहीत देवनागरीत उतरवले. तिसऱ्या कडव्यातली एक ओळ दोघांनाही "वांगी आण रे" अशी ऐकू येई आणि कार्यक्रमातही ती तशीच गायली गेली. मी पत्र्यावर घाव मोजी. खोलीत वाळ्याचा वास, तापलेल्या कौलांचा वास, तबकडीच्या गुळगुळीत काळ्या अंगाचा वास. पाण्याच्या सुरईला सुटलेला घाम. खाली दुकानात तुळशीरामकाकांची मुलगी बी.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करी, कारण गल्लीतली सर्वांत थंड जागा तीच होती. गाणे संपले की आम्ही दोघे जिना उतरून बर्डीच्या कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला जात असू. जाता जाता ती पुस्तकावरून डोळे वर न करता विचारी, "झालं का?" मी म्हणे, "झालं." एवढाच आमचा संवाद. ती मुलगी म्हणजे नलिनी.

आता कार्यक्रमाची संध्याकाळ. सूर्य मावळला होता, पण भिंती अजून भाजत होत्या. इन्स्टिट्यूटच्या सभागृहात कागदी पताका, लिंबाच्या सरबताची पिंपे, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांतले गार्ड आणि ड्रायव्हर, फुलाफुलांच्या झग्यांतल्या त्यांच्या बायका. कोपऱ्यात खरेखुरे ड्रम होते. तुळशीरामकाका मुलीला घेऊन आले होते. आपले कूलर कशापायी बडवले गेले ते त्यांना पाहायचे होते. पिंटो साहेबांनी देवरावची गिटार हातात घेतली, तारा छेडल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अरे देव, तेरी गिटार को लू लग गई क्या? सारे के सारे तार ढीले पड़ गए हैं!"

"नहीं अंकल, बराबर है," देवराव म्हणाला. "रेकॉर्ड से मिलाया है."

रेकॉर्ड से मिलाया है! हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. गेली पंचेचाळीस वर्षे मी देवरावला त्याची आठवण करून देतो आणि तो मान हलवून म्हणतो, "उन्हानं तारा सैल झाल्या होत्या गा." उन्हाने एखादी तार सैल होईल, मान्य. पण सहाच्या सहा तारा सारख्या मापाने, एकमेकींशी सुरात राहून, बरोबर एका सुराने खाली येतील? हे ऊन आहे की वाद्ये जुळवणारा उस्ताद? सोपा प्रश्न आहे. माझा हात जड होता म्हणून गाणे रेंगाळले, तर तारांना काय झाले होते? तारांवर काही माझा हात नव्हता. गाणे हळू होते आणि सूर उतरलेला होता, दोन्ही एकाच मापाने. याचा अर्थ ते दोन्ही एकाच ठिकाणाहून आले होते, आणि ते ठिकाण म्हणजे बर्डीची दमलेली वीज. मी रेकॉर्डशी इमान राखले. देवरावच्या तारांनीही राखले. फक्त देवरावने राखले नाही.

राहिला हशा. सभागृहात हशा पिकला हे खरे आहे. परंतु तो कशाने पिकला हे देवरावने लिहिले नाही, आणि का लिहिले नाही ते मी सांगतो. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. पिंटो साहेब तीन पिढ्यांचे नागपूरकर. त्यांच्या खिशात कांदा होताच. त्यांनी तो काढला, "ले, इसको भी एक दे देते हैं," असे म्हणाले, आणि सुपारीएवढा तो कांदा देवरावच्या गिटारीच्या गोल तोंडातून आत सोडला. देवराव घाईत होता. त्याला वाटले थट्टा झाली, कांदा साहेबांच्या मुठीतच असेल. आम्ही मंचावर गेलो.

सुरुवातीची गिटार सुरू झाली. विहिरीत खडे पडू लागले, पण सावकाश, जणू विहीर फार खोल असावी. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. ही माणसे त्या गाण्यावर डिसेंबरात नाचली होती. मग मी आलो. पत्र्यावर दीड महिना घोटलेले घाव खऱ्या कातड्यावर पडले आणि मला माझाच आवाज प्रथम ऐकू आला. पहिल्या रांगेत एक पांढऱ्या केसांचे जोडपे बसले होते. डिसेंबरात तरुणांच्या धांदलीत ही दोघे खुर्च्यांवर बसून पाय हलवीत होती, हे मी खिडकीतून पाहिले होते. आता म्हातारा उठला, बायकोपुढे हात केला, आणि दोघे मोकळ्या फरशीवर उतरली. त्यांच्यामागे दुसरे जोडपे. मग तिसरे. गाणे त्यांच्या गुडघ्यांना मानवेल इतकेच चालत होते. आठ मिनिटांचे गाणे नऊ मिनिटांवर गेले आणि त्या नऊ मिनिटांत रेल्वे कॉलनीतली सगळी निवृत्त मंडळी उभी होती. याला देवराव रेंगाळणे म्हणतो.

शेवटच्या गर्जनेला देवरावने आवेशाने गिटार डोक्यावर उचलून उलटी केली आणि तिच्यातून कांदा पडला. टण्णकन मंचावर आपटून तो घरंगळत निघाला, पायऱ्या उतरला आणि नाचणाऱ्यांच्या पायांतून जात थेट तुळशीरामकाकांच्या चपलेशी थांबला. काकांनी तो उचलला, पुसला आणि खिशात टाकला. हशा तेव्हा पिकला. पिंटो साहेब खांबाला धरून हसत होते, म्हातारी जोडपी एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होती, आणि मी, हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही, ड्रमवर आडवा पडून हसत होतो. त्या सभागृहात हसला नाही असा एकच माणूस होता. तोच आज इतिहास लिहितो आहे.

हे सगळे मनात घोळवत मी परवा देवरावला फोन केला.

"स्मरणिका वाचली बे तुझी."

"कशी वाटली?"

"छपाई चांगली आहे."

"अन् लेख?"

"उद्या दुपारी ये. गिटार घेऊन ये. लेखाचं मंग पाहू."

"भांडाले बोलावून राहिला का गा?"

"नाही. पन्हं प्याले."

देवराव रिक्षातून आला. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेला माणूस. चालताना अजूनही हात मागे बांधतो, जणू दोन्ही बाजूंना वर्ग भरले आहेत. ती जुनी गिटार त्याच्या पाठीला होती. मी तयारी ठेवली होती. रोजचा नव्हे, माळ्यावरचा तो भावाचा जुना रेकॉर्ड प्लेअर कूलरच्या मिस्त्रीकडून तेल घालून, रबरी चाक बदलून चालता करून घेतला होता. तबकडी तीच होती. पिंटो साहेब मुलीकडे कायमचे गेले तेव्हा आम्हाला देऊन गेले होते. नलिनीने पन्ह्याचे पेले ठेवले आणि कूलरशेजारच्या आपल्या खुर्चीत लसूण सोलत बसली. मी विजयी मुद्रेने सुई टेकवली.

आणि गाणे पळत सुटले.

मी विसरलो होतो. मनीषनगरात वीज आता दमत नाही. पूर्ण दाबाची, ताजीतवानी वीज त्या यंत्रात शिरली आणि तबकडी जशी फिरायला हवी तशी फिरली. देवरावने पेला खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचे समाधान होते.

"पाह्य. रेकॉर्ड तर पळून राहिली. तूच हळू होता बे."

"तेव्हा वीज कमी होती!"

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो!"

"तू तर म्हणशीलच ना गा. पुरावा काय?"

"तुझ्या तारा!"

"उन्हानं सैल झाल्या होत्या."

आयुष्यभराचा दावा मीच उभारलेल्या न्यायालयात, मीच बोलावलेल्या साक्षीदाराने बुडवला होता. वातानुकूलित जगाच्या स्थिर विजेपुढे माझी लय खोटी ठरत होती आणि स्मरणिकेतले वाक्य खरे. मी सुई उचलली.

तेव्हा नलिनी उठली. लसणाची टोपली बाजूला ठेवून ती आत गेली आणि परतली तेव्हा तिच्या हातात तुळशीरामकाकांच्या दुकानातला जुना डबा होता. पूर्वी फ्रिजसाठी ठेवत तसला. पुढे गोल खटका आणि काचेमागे व्होल्ट दाखवणारा काटा. खटका फिरवला की वीज कमीजास्त करता येते. तिने प्लेअरची पिन त्या डब्याला लावली, खटका मागे फिरवत नेला, काटा उतरत उतरत आला, आणि एका जागी तिने हात थांबवला. अंदाज न घेता, न चाचपता. घरातला दिव्याचा खटका अंधारात सापडावा तसा.

"लावा आता," ती म्हणाली.

मी सुई टेकवली. विहीर पुन्हा खोल झाली. एकेक खडा सावकाश पडू लागला आणि माझ्या पाठीवरून कौलांखालची ती दुपार सरसरत गेली. देवरावने गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळत सहाही तारा सैल केल्या, रेकॉर्डशी जुळवल्या आणि एकदा छेडल्या. मग मान खाली घालून म्हणाला, "हेच होतं गा. हाच सूर होता."

मी जिंकलो होतो. पण जिंकल्याचा आनंद होण्याआधीच मला एक गोष्ट टोचली.

"नलू, काटा कुठं थांबवायचा हे तुले कसं ठाऊक?"

ती पुन्हा लसूण सोलायला बसली होती. "सहाही कूलर सुरू केले की काटा तिथंच येत होता. दुकानात भिंतीवर काटा होता ना."

"सहा कूलर? अभ्यासाले एक पुरे नव्हता काय?"

"पुरे होता."

"मंग?"

"अहो, मी काही गल्लीच्या विजेचं बोलून नाही राहिली. ती थोडी कमी व्हायचीच. वर तुमची सुई टेकली की मी एकेक करून सारेच सुरू करत होती. बाबा दुपारी झोपत होते, त्यांना कुठी ठाऊक!"

देवराव पुढे सरकला. "पण काहून वहिनी?"

"गाणं संपलं की तुम्ही रस प्याले निघून जात होते," ती म्हणाली. "हळू चाललं तर तेवढंच जास्त चाले."

कूलरने एक लांब श्वास घेतला. देवराव माझ्याकडे पाहत होता आणि त्याचे खांदे हलू लागले होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जो एकटा माणूस हसला नव्हता, त्याने आपला हिशेब काल दुपारी व्याजासकट पुरा केला; डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. "म्हणजे मी याले बोलून राहिलो, हा विजेले बोलून राहिला, अन् चोर खाली दुकानात बी.ए. करून राहिला होता! मनोहर, पुढच्या स्मरणिकेत लिहितो गा. सारं लिहितो. कांदाही लिहितो."

"भाऊजी, काही लिहू नका," नलिनी म्हणाली. "आधी वाजवा."

म्हणून हे मी लिहितो आहे. देवरावच्या गणितावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. मी आजवर सर्वांना सांगत आलो की वीज कमी होती. तेवढी दुरुस्ती करावी लागेल: वीज कमी होती, आणि ती कुणीतरी कमी केली होती. लग्नाची मागणी मी घातली, हेही मी आजवर अभिमानाने सांगत आलो. त्या विधानाकडे आता मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो.

तबकडी पुन्हा आरंभाला लावली. देवरावने सैल तारांवर पहिला खडा टाकला. ड्रम नव्हते, पण सासऱ्यांचा कूलर होता. मी त्याच्या पत्र्याशी खुर्ची ओढली. आता पोचा पडला तरी ओरडायला काका नव्हते, तरीही मी बोटांनीच वाजवले. गाणे मध्यावर आले तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसले की नलिनीचा हात डब्याकडे गेला आहे. खटका आणखी एक घर मागे सरकला. काटा थोडा उतरला, गाणे थोडे लांबले. देवरावने चमकून माझ्याकडे पाहिले.

मी हात तेवढाच जड केला.